कवटीपलीकडचा उजेड

भेडाघाटच्या संगमरवराची एखादी पातळ चकती हाती घेऊन ती उन्हासमोर धरली, तर एक मौज दृष्टीस पडते. दगड तो दगडच. त्यातून पलीकडचे झाड दिसत नाही, की माणूस दिसत नाही. तरीही चकती आतून उजळते आणि तिच्या अलीकडच्या अंगाला दुधाळ, मंद प्रकाश येतो. उजेड अडतही नाही आणि सरळ पारही होत नाही. दगडातल्या असंख्य स्फटिकांवर आपटत, दिशा बदलत, वाट चुकत त्यातला थोडासा अंश बाहेर पडतो. मनुष्याच्या कवटीचे हाड ह्या बाबतीत नर्मदाकाठच्या त्या दगडाहून फारसे निराळे नाही. गेल्या काही वर्षांत प्रकाशाने मेंदूला चेतना देण्याची जी भाषा ऐकू येते, तिचे सगळे बळ आणि सगळी दुर्बलता ह्या एका गोष्टीत आहे.

रात्री विजेरीच्या काचेवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लाल दिसतात, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. निळा आणि हिरवा प्रकाश रक्त गिळून टाकते. तांबडा पुढे सरकतो. तांबड्याच्याही पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे जे अवरक्त किरण आहेत, त्यांतला साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा शरीरात सर्वांत खोल शिरतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिले की, हे किरण जिवंत प्राण्याच्या कवटीतून आरपार जातात आणि येताना मेंदूतील प्राणवायूची वार्ता घेऊन येतात. त्या शोधातून मेंदूतला प्राणवायू मोजणारी यंत्रे निघाली आणि ती आज रुग्णालयांत वापरली जातात. प्रकाश मेंदूकडून वार्ता आणू शकतो, इथवर कोणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो प्रकाश मेंदूला काही देऊ शकतो काय, आणि देताना काही हिरावून तर घेत नाही ना, ह्या प्रश्नापाशी.

देण्याची कल्पना निघाली ती मेंदूसाठी नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. बुडापेस्टचे शल्यवैद्य एंड्रे मेस्टर यांनी १९६७ साली लेसर किरणांनी उंदरांच्या अंगातील गाठी नष्ट होतात की काय, हे पाहण्यासाठी प्रयोग केला. त्यांच्या यंत्राची शक्ती अपुरी होती. गाठी काही विरल्या नाहीत. मात्र जेथे केस काढून किरण सोडले होते तेथे ते लवकर उगवले, आणि जखमाही लवकर भरून येऊ लागल्या. अशक्त प्रकाश पेशींना मारीत नाही, उलट चाळवतो, असा तर्क त्यातून निघाला. पुढे असे मांडले गेले की, पेशीच्या आत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील एक विकर हे किरण शोषून घेते आणि पेशीचा कारभार त्यामुळे वेग घेतो. हा सिद्धान्त बराच मान्य असला, तरी त्याला प्रतिस्पर्धी सिद्धान्तही आहेत. वैद्यकात पुष्कळ औषधे त्यांचे कार्य कसे चालते हे कळण्यापूर्वीच उपयोगी ठरली, म्हणून केवळ एवढ्यावरून प्रकाशाला नाकारण्याचे कारण नाही.

आता हा प्रश्न प्रयोगशाळेतून घरात कसा आला, ते पाहू. जबलपूरच्या राइट टाउनमध्ये किंवा सदरमध्ये एखादे कुटुंब असावे. घरातील कर्ते गृहस्थ तोफगाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, उजवा हात अजून उठत नाही आणि अलीकडे नावे विसरू लागली आहेत. मुलगा पुण्यास नोकरीला. तो दूरध्वनीच्या पडद्यावर एक जाहिरात पाहतो: आतून दिव्यांच्या रांगा लावलेले एक शिरस्त्राण, दररोज वीस मिनिटे डोक्यावर ठेवावयाचे, औषध नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही आणि म्हणून धोकाही नाही. किंमत बरीच आहे, पण वडिलांसाठी पैशाचा विचार कोण करतो? अशा कुटुंबाची नावनिशी देण्याची आवश्यकता नाही. असे घर हरएक शहरात सापडेल. त्या मुलाचा भाबडेपणा हसण्याजोगा नाही. ‘धोका नाही’ हे शब्द त्याने ज्या अर्थाने ऐकले त्या अर्थाने ते खरे आहेत काय, एवढाच मुद्दा आहे.

त्या शब्दांमागे खरोखर एक भक्कम आधार आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पक्षाघाताचा झटका आल्यापासून २४ तासांच्या आत कवटीवरून ८०८ नॅनोमीटरचे लेसर किरण सोडण्याच्या तीन मोठ्या चाचण्या झाल्या. पहिली, २००७ साली प्रसिद्ध झालेली, १२० रुग्णांची होती. तिच्यात खरा प्रकाश मिळालेल्यांपैकी ७० टक्के आणि खोटे यंत्र लावलेल्यांपैकी ५१ टक्के रुग्णांना समाधानकारक सुधारणा झाली, आणि वैद्यकविश्वात मोठी आशा उत्पन्न झाली. दुसरी, ६६० रुग्णांची, २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत हे अंतर ३६ आणि ३१ टक्क्यांच्या आसपास उरले; म्हणजे योगायोगापासून वेगळे काढता येईल इतके ते राहिले नाही. मृत्यूचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ तेच, १७.५ आणि १७.४ टक्के. तिसरी चाचणी हजार रुग्णांवर करण्याचे योजले होते. ६३० रुग्ण घेऊन झाल्यावर, पुढे चालवून लाभ दिसण्याची शक्यता नाही असे मधल्या हिशेबात आढळले, आणि ती थांबविण्यात आली; तिचा वृत्तान्त २०१४ साली छापला गेला.

ह्या तिन्ही चाचण्यांचा निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा तर: अपाय दिसला नाही आणि उपायही दिसला नाही. जाहिरात करणारा पहिला अर्धा भाग उचलतो आणि दुसरा शेतात टाकून येतो. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर बोस्टन येथे ६८ जणांची जी लहान चाचणी झाली आणि २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यातही प्रकाशामुळे काही अनिष्ट घडल्याची नोंद नाही. तेव्हा हे उपकरण विषारी आहे, अशी भीती घालणारा मनुष्य जितका चुकतो, तितकाच ते पाण्यासारखे निरुपद्रवी आहे असे सांगणाराही चुकतो.

कारण वरील चाचण्यांत जे निर्धोक ठरले ते ‘प्रकाश’ नव्हे. विशिष्ट तरंगलांबीचा, विशिष्ट मात्रेचा, डोक्यावरील ठरावीक वीस ठिकाणी प्रत्येकी दोन मिनिटे, केस काढून, शिकविलेल्या हातांनी दिलेला प्रकाश निर्धोक ठरला. मात्रेचा प्रश्न किती नाजूक आहे, हे २००६ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. दर चौरस सेंटिमीटरला साडेसात मिलिवॅट शक्तीचा प्रकाश दिला तेव्हा काही बिघडले नाही. दहापट दिला तरी बिघडले नाही. शंभरपट, म्हणजे ७५० मिलिवॅट, अखंड दिला तेव्हा प्राण्यांच्या हालचालींत दोष उत्पन्न झाले आणि मेंदूतील पेशींना इजा झालेली आढळली. तोच प्रकाश तुटक तुटक दिला असता इतकी इजा झाली नाही. औषधाची गोळी एक की दोन, हे घरातली आजीही विचारते. दिव्याच्या बाबतीत तो प्रश्न कोणास सुचत नाही.

येथे एक शंका काढली जाते, आणि ती अगदीच टाकाऊ नाही. मे महिन्यातल्या जबलपूरच्या उन्हात भर दुपारी उघड्या डोक्याने उभे राहिले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० मिलिवॅट शक्ती अंगावर पडते, आणि तिचा निम्म्याच्या आसपास भाग अवरक्त असतो. मनुष्यजात हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोशीत आली, मग शिरस्त्राणाचे काय एवढे? उत्तर असे की, ह्या उन्हात मनुष्य फेटा बांधतो, सावली शोधतो, कांदा खिशात ठेवतो आणि तरीही उष्माघाताने दर वर्षी माणसे मरतात. ऊन परिचयाचे आहे म्हणून निर्धोक नाही. परिचयाचे असल्यामुळे त्यापासून जपण्याच्या रीती पडल्या आहेत. डोक्यावर ठेवलेल्या दिव्यांच्या रांगेबाबत अशा रीती अजून पडावयाच्या आहेत.

आणि कवटीपलीकडे पोहोचते तरी किती? मृतदेहांच्या मस्तकांवर मापे घेतली असता त्वचा, हाड आणि आवरणे ओलांडून मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत शेकडा दोन-तीन भाग, कधी त्याहूनही कमी, पोहोचतो असे आढळले. उरलेला सगळा वाटेतच मुरतो. मुरतो म्हणजे नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते, आणि ती कातडीत होते. दुबळ्या दिव्याने मेंदूपर्यंत जवळजवळ काहीच जात नाही आणि फार प्रखर दिव्याने आधी कातडी भाजते. ह्या दोन टोकांमधली वाट अरुंद आहे. स्वस्त उपकरणांपैकी बरीचशी पहिल्या टोकाला असावीत, हे रुग्णाचे एका अर्थी सुदैवच.

कातडीचा उल्लेख आला, तेव्हा तिच्या रंगाविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून जाहिरातीत ती कधीही येत नाही. त्वचेला काळेपणा देणारे जे रंगद्रव्य, ते ह्या किरणांचाही घास घेते. गोऱ्या त्वचेत जेवढा प्रकाश आत जातो त्याहून सावळ्या त्वचेत कमी जातो आणि वरच्या थरात उष्णता अधिक होते. काळे, दाट केस तर त्याहून मोठा अडसर. हा केवळ तर्क आहे असे कोणी म्हणू नये. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र, जे करोनाच्या साथीत घरोघर पोहोचले, तेही तांबड्या आणि अवरक्त प्रकाशावर चालते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ते यंत्र प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक असल्याचे दाखविण्याची चूक गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा करते. कित्येक दशके जगभर वापरात असलेल्या तत्त्वाची ही कथा. मग प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर ठरविलेली मात्रा मंडला-डिंडोरीकडून जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात येणाऱ्या रुग्णाला तशीच्या तशी लागू पडेल, हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

डोळ्यांचा धोका मात्र ह्या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तोफगाडीचा कारखाना येथे १९०४ सालापासून आहे, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. धातू जोडणारा कामगार तोंडापुढे काळी काच धरल्याशिवाय ठिणगी पाडीत नाही. भट्टीपुढे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या काच-कारागिरांना अवरक्त किरणांमुळे मोतीबिंदू होतो, हे युरोपातील वैद्यांनी फार पूर्वी ओळखले होते. लख्ख उजेड आला की पापणी आपोआप मिटते, ही निसर्गाने दिलेली ढाल आहे. पण अवरक्त किरण दिसतच नाहीत, त्यामुळे पापणी मिटत नाही. लेसर असेल तर डोळ्यातले भिंग तो अदृश्य झोत दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते, आणि झालेली इजा भरून येत नाही. नवजात बालकाच्या काविळीवर निळ्या प्रकाशाचा जो उपचार आज सर्वत्र होतो, तो इंग्लंडमधील एका रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात आरंभ झाला. वाढलेले पित्तद्रव्य बालकाच्या मेंदूत शिरून त्याला कायमचे अधू करू नये, म्हणून तो देतात. मेंदूच्या रक्षणासाठी प्रकाश वापरण्याचे ह्याहून यशस्वी उदाहरण नाही. आणि तेथेही परिचारिका दिवा लावण्यापूर्वी बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधते.

प्रकाशाचा दुसरा मार्ग कवटीतून जातच नाही. तो डोळ्यांतूनच मेंदूत शिरतो. लुकलुकणाऱ्या दिव्याच्या तालावर मेंदूतील विद्युत्‌तरंगही ताल धरतात, हे केंब्रिजला ॲड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली पाहिले होते. १९४६ साली ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी तीव्र झगमगाट करणारा दिवा वापरून तोच अभ्यास पुढे नेला. त्याच सुमारास असेही कळून आले की, काही माणसांना ह्या झगमगाटाने अपस्माराचा झटका येतो. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी मुलांच्या एका लोकप्रिय चित्रमालिकेत तांबड्या-निळ्या रंगांची सेकंदाला सुमारे बारा वेळा उघडझाप काही क्षण दाखविण्यात आली. त्या संध्याकाळी ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील बहुतेकांना आपल्यात अशी काही प्रवृत्ती आहे, ह्याची त्या दिवसापर्यंत कल्पनाही नव्हती.

ह्याच मार्गाने आता स्मृतिभ्रंशावर इलाज शोधला जात आहे. मॅसेच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ली-हुए त्साय यांच्या गटाने २०१६ साली असे प्रसिद्ध केले की, सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखविल्यावर उंदरांच्या मेंदूतील, ह्या विकारात साचणारे प्रथिन कमी झाले. जगभर गाजावाजा झाला. न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका गटाने तोच प्रयोग करून पाहिला; त्यांना तसे काही आढळले नाही, आणि त्यांनी ते २०२३ साली छापले. शास्त्राचा व्यवहार असाच चालतो, त्यात कोणाची मानहानी नाही. चाळीसचा वेग अपस्मारासाठी सर्वांत घातक असलेल्या पंधरा ते पंचवीसच्या पट्ट्याबाहेर आहे, हे खरे. परंतु बाहेर म्हणजे पूर्ण अभय नव्हे, आणि म्हणूनच ह्या चाचण्यांत अपस्माराचा पूर्वेतिहास असलेल्यांना वगळतात. बाजारात दिवा विकणारा कोणाला वगळतो? भारतात अपस्माराचे रुग्ण एक कोटीच्या घरात मानले जातात, आणि त्यांतले कितीतरी आपला आजार सोयरिकीच्या धास्तीने लपवितात.

कायदा ह्याबाबत अगदी मुका नाही. जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा केंद्राचा अधिनियम १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत अपस्मार, पक्षाघात आणि मेंदूचे विकार ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. ह्या अधिनियमात ‘औषध’ म्हणजे केवळ गोळी वा काढा नव्हे. खाद्यपदार्थ वगळून शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम घडविण्यासाठी योजलेली कोणतीही वस्तू त्या शब्दात येते. सत्तर वर्षांपूर्वी मसुदा लिहिणाऱ्यांनी अशा शिरस्त्राणाची कल्पना केली नसेल, पण त्यांचे शब्द त्याला पुरून उरतात. त्यानंतर वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे नियंत्रणाखाली आली, आणि कमी जोखमीच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, अधिक जोखमीच्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना आवश्यक झाला. पळवाट उरते ती एकच: विक्रेता रोगाचे नावच घेत नाही. ‘मन प्रसन्न राहते’, ‘एकाग्रता वाढते’ एवढेच तो लिहितो. पक्षाघाताचा उल्लेख वापरणाऱ्यांच्या नावाने छापलेल्या अभिप्रायांत येतो. अंमलदाराने जाहिरात वाचताना ठळक अक्षरांपेक्षा तेच बारीक अभिप्राय आधी वाचावेत.

उपकरणामुळे झालेल्या अपायाची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना २०१५ पासून चालू आहे आणि तिचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून चालते. डॉक्टरच नव्हे, रुग्णही तेथे कळवू शकतो. परंतु डोके भाजले, डोळ्यांपुढे डाग आला, झोप उडाली, तर ते त्या दिव्यामुळे झाले असे वाटून कोणी कळवील तेव्हा ना! जो अपाय कोणाच्याच वहीत उतरत नाही, तो आकड्यांत शून्य म्हणून येतो.

आणि एक अपाय तर कोणत्याही वहीत मावणारा नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते. पुढे रक्तदाबाच्या गोळ्या, हाताचा व्यायाम, बोलण्याचा सराव हे सारे कंटाळवाणे काम महिनोन्‌महिने चालवावे लागते. घरात चकचकीत यंत्र आले की, त्या कामातले काहीतरी गळते. आधी सकाळचा व्यायाम, मग आठवड्याची फेरी, मग एखादी गोळी. यंत्राने काही केले नाही, पण त्याने जागा अडविली.

त्या मुलाने काय करावे? त्याला खरोखरच प्रकाशाचा प्रयोग करून पाहावयाचा असेल, तर एक सरळ मार्ग आहे. देशात चालणाऱ्या मनुष्यावरील चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे आणि २००९ पासून अशी नोंद करणे सक्तीचे आहे. तीत वडिलांच्या आजाराची एखादी चाचणी चालू आहे काय, हे शोधावे आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या मज्जाविकारतज्ज्ञाला दाखवावे. तेथे संमतिपत्र असते, नीतिसमिती असते, डोळ्यांवर चष्मा असतो, अपाय झाल्यास उपचाराची जबाबदारी असते, आणि पैसे द्यावे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र तेथे त्याला पत्करावी लागेल. अवरक्त प्रकाश दिसत नसल्यामुळे खरे यंत्र आणि खोटे यंत्र डोक्यावर ठेवल्यावर सारखीच भासतात, आणि वडिलांच्या वाट्याला त्यांतले कोणते आले, हे चाचणी संपेपर्यंत त्याला, त्यांना, किंवा त्यांना रोज तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळणार नाही.